उद्यानातल्या भाजीबद्दल भाजीवालीलाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमचा पेपर मी रोज आधी वाचते आणि मग त्यात मिरच्या बांधते. गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या उद्यानातल्या भाजीपाल्यावर तुम्ही दोन पत्रं छापली. पहिल्या पत्राचा सूर असा, की सार्वजनिक बागेत चार घरांनी आपली भाजी पिकवणं म्हणजे जागा बळकावणंच. दुसऱ्या पत्रातल्या सद्गृहस्थांना काळजी होती ती ‘उद्यानाबाहेर बसणाऱ्या गरीब भाजीविक्रेत्यांच्या पोटावर पाय’ येण्याची. त्या उद्यानाच्या फाटकाबाहेर नारळपाणीवाले सोडले तर मी एकटीच बसते. म्हणजे ते पोट माझंच. ते गृहस्थ रोज सकाळी माझ्यासमोरून फिरायला जातात, गुरुवारी मेथी नेतात, पण मला काही त्यांनी विचारलं नाही. म्हणून हे पत्र.

माझं माहेर सासवडच्या पुढं, पुरंदर तालुक्यात. वाटाणा, पावटा, अंजीर, सीताफळ बघतच मोठी झाले. बारावीपर्यंत शिकले, लग्न होऊन पुण्यात आले आणि सासूबाईंच्या पाटीवर बसायला लागले, ती अजून बसतेच आहे. पथविक्रेता प्रमाणपत्र माझ्याकडं आहे, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं पत्र त्यावर येईल.

आता बागेचं. मागच्या बाजूला, घसरगुंडीच्या पलीकडं, भिंतीलगत एक मोकळी पट्टी आहे. अर्धा गुंठाही भरणार नाही. सकाळी फिरायला येणाऱ्या काही मंडळींनी रीतसर परवानगी काढून दिवाळीनंतर तिथं वाफे केले. मेथी, पालक, कोथिंबीर, टोमॅटो आणि थोडा फ्लॉवर. डिसेंबरात त्यातल्या एक ताई मेथीची जुडी घेऊन माझ्याकडं आल्या, म्हणाल्या, ‘मावशी, बघा, आमची पहिली मेथी. काही फवारलेलं नाही.’ मेथी खरंच चांगली होती. आखूड, बारीक गोल पानाची, मुळाला माती. मी तोंड भरून कौतुक केलं आणि ते मनापासून केलं. पण ज्या सकाळी त्या आल्या त्या सकाळी मार्केट यार्डात मेथीला विचारणारं कुणी नव्हतं. पालेभाजीचा भाव आमच्याकडं शेकडा जुड्यांवर निघतो आणि थंडीत मेथी एकदम येते, तेव्हा तो शेकडा इतका खाली जातो की काही शेतकरी माल परत न्यायचं भाडं परवडत नाही म्हणून तिथंच सोडून जातात. काही जण तर उभ्या मेथीत रोटाव्हेटर घालतात. ताईंनी घाम गाळून जी भाजी पिकवली, ती त्या महिन्यात गावात सगळ्यात स्वस्त भाजी होती.

बागवाल्या मंडळींनो, माझं म्हणणं एवढंच आहे. बागेत भाजी जरूर लावा, पण जी भाजी टेम्पो भरून येते ती लावू नका. जी टेम्पोत बसत नाही ती लावा.

टेम्पोत काय बसतं यावर शहर काय खाणार ते ठरतं, हे बाहेरून लक्षात येत नाही. पहाटे गुलटेकडीला गेलं की पालेभाजीत ढीग दिसतात ते मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक आणि कांदापात यांचे. आडत्याला ढिगानं विकता येतं ते हवं असतं, शेतकरी तेच लावतो आणि आम्हीही तेच उचलतो. आंबट चुका, चाकवत, चंदनबटवा, राजगिरा, तांदुळजा, अंबाडी, मायाळू या भाज्या येतात, नाही असं नाही, पण कोपऱ्यात, एखाद्या म्हातारीच्या पाटीत. चंदनबटवा दुपारपर्यंत मान टाकतो. चुक्याचं पान इतकं नाजूक की जुडी दाबून बांधली तर खालून काळी पडते. मी चुक्याच्या दहा जुड्या आणल्या तर तीन खपतात आणि सात माझ्या घरी जातात. माझ्या घरच्यांनी चुका इतका खाल्लाय की नाव काढलं तरी तोंड आंबट होतं. म्हणून मी आणायचं बंद केलं. आणि तरीही आठवड्यातून एखादी म्हातारी आजी काठी टेकत येऊन विचारतेच, ‘चाकवत आहे का गं?’ तिला ताकातला चाकवत करायचा असतो, शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून. मी म्हणते, ‘सांगून ठेवा, आणते.’ ती म्हणते, ‘एका जुडीसाठी कशाला.’ आणि पालक घेऊन जाते.

तोडल्या तोडल्या शंभर पावलांवरच्या घरात जाणारी भाजी म्हणजे ही. तिला टेम्पो नको, बर्फ नको, पाणी मारत बसायला नको. शेतकऱ्याला जे परवडत नाही, आडत्याला जे नको असतं आणि मला जे ठेवता येत नाही, ते बागेत सहज होतं.

आणि सोपं तर किती! अंबाडी जूनमध्ये टाकली की पावसावर येते. कोवळी पानं खुडत राहायची, ती फुटत राहते. कण्या घालून शिजवायची, वरून लसणाची फोडणी आणि भाकरी. आमच्याकडं पूर्वी जून झालेली अंबाडी पाण्यात कुजवून तिच्या सालीचा वाख काढायचे आणि दोर वळायचे. बागेतल्या मुलांना ते दाखवता येईल. तांदुळजा एकदा लावला की तुम्ही काढून काढून दमाल, तो नाही दमत. मायाळूला फक्त जाळी द्या, जी तुमच्या भिंतीवर तशीही आहे. पानाची भजी, पानाची आमटी. घोळ तर कुणी लावायलाच नको, ती वाफ्यात आपणहून आली आहे आणि मागच्या महिन्यात मंडळी ती ‘तण’ म्हणून उपटून फेकत होती. मी फाटकातून हाक मारून थांबवलं. अर्ध्यांना खरं वाटलं नाही. नारळपाणीवाल्यांनी साक्ष दिली तेव्हा त्यांनी ती घरी नेली.

रानभाज्यांचं मात्र वेगळं. फोडशी, भारंगी, टाकळा हे पावसात मुळशी-वेल्ह्याकडच्या बायका डोंगरातून आणतात, त्यांना पान ओळखू येतं आणि त्यांचा त्यावर संसार आहे. इंटरनेटवर फोटो बघून बागेच्या कडेला उगवलेलं काहीही तोडू नका. सारखी दिसणारी पानं असतात आणि त्यातली काही पोटात जायच्या लायकीची नसतात.

दुसरी गोष्ट सावलीची. उद्यान म्हटलं की झाडं आली. तुमच्या पट्टीवर गुलमोहराची आणि पेल्टोफोरमची सावली दुपारी बारानंतर उतरते. टोमॅटोला, भेंडीला, वांग्याला दिवसाचं सहा तास तरी स्वच्छ ऊन लागतं. म्हणून तुमचे टोमॅटो उंच झाले आणि फळ धरलं मोजकं. यावर एका काकांनी तोडगा काढला की फांद्या छाटून घेऊ. काका, 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, परवानगीशिवाय फांदीला हात लावता येत नाही आणि लावूही नये. टोमॅटोपायी झाड कशाला तोडता? सावलीत अळू लावा. बागेत जो नळ कायम गळतो, त्याच्या खालीच लावा, नळ दुरुस्त होईपर्यंत तरी फुकट पाणी. (नळ दुरुस्त झाला तर मलाही आनंद आहे.) वडीचं अळू काळसर देठाचं घ्या. भाजीचं हिरव्या देठाचं. आणि खाजरं असेल तर हाताला तेल लावून चिरा, चिंच किंवा आमसूल विसरू नका. पुदिनाही अर्ध्या सावलीत खूश असतो.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. ऋषिपंचमी.

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हातानं खणून, हातानं पेरून आलेलं खायचं. त्याची ती भाजी, अळू, देठाचा माठ, लाल भोपळा, पडवळ, शिराळं (म्हणजे दोडका), भेंडी, काकडी, मक्याचं कणीस, सुरण, सगळं एकत्र, हिरवी मिरची आणि चिंच, दुसरा मसाला नाही. दरवर्षी त्या सकाळी माझ्याकडं रांग असते. आणि दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, ‘मावशी, ही नांगराची नाही ना?’ मी काय सांगणार? टेम्पोत आलेल्या भोपळ्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. मी म्हणते, ‘ताई, आता बैल राहिलेत कुठं, सगळीकडं ट्रॅक्टर आहे.’ त्या हसतात आणि घेतात. पण मनातून त्यांनाही माहीत असतं आणि मलाही, की हे खरं उत्तर नाही.

आख्ख्या उपनगरात त्या नियमाला पूर्ण उतरणारी जमीन एकच आहे आणि ती घसरगुंडीच्या मागं आहे. तिथं बैलही गेला नाही आणि ट्रॅक्टरही. फावडं, खुरपं आणि निवृत्त बँक अधिकाऱ्यांची कंबर, एवढ्यावर ती खणली गेली आहे. मग पावसाळ्यात ऋषिपंचमीची भाजी का लावू नये?

दिवसांचा हिशोब मी करून दिला आहे, माझी मुलगी बी.एस्सी. ॲग्रीला आहे, तिच्याकडून तपासूनही घेतला. मृगात, म्हणजे 7-8 जूनच्या सुमाराला पाऊस आला की दोडका, पडवळ आणि भोपळ्याच्या बिया टाकायच्या. दोडका पावणेदोन-दोन महिन्यांत येतो, पडवळाला थोडं जास्त. लाल भोपळा पक्का व्हायला तीन-साडेतीन महिने लागतात, पण या भाजीला कोवळाही चालतो. मका अडीच महिन्यांचा. अळूचे कंद जूनमध्येच लावा. काकडी आणि भेंडी दीड-पावणेदोन महिन्यांच्या, त्या मात्र मागाहून, जुलैच्या मध्यावर टाका, नाहीतर गणपती येईपर्यंत त्या संपून जातील. देठाच्या माठाला दोन महिने द्या, म्हणजे देठ बोटाएवढा होतो. सुरण यंदा विसरा, त्याला सात-आठ महिने लागतात. तेवढा माझ्याकडून घ्या. वेलवर्गाला मांडव लागेल. बांबू आणि सुतळी पुरे, लोखंडी पाइपचा मांडव घालायची कल्पना कुणीतरी बैठकीत मांडली म्हणे, ती तिथंच राहू दे.

दोन किडी सांगून ठेवते. वेलावर पावसाळ्यात भुरी येते, पानावर पिठासारखी, ती दाट लावलं की जास्त येते, म्हणून बिया मोजक्या टाका. आणि दोडक्याला फळमाशी डंख मारते, फळ वाकडं होऊन आतून सडतं. कामगंध सापळा कृषी सेवा केंद्रात मिळतो, स्वस्त असतो, एक-दोन पुरतील. बाकी निंबोळी अर्क आणि पहाटे फिरणारी नजर.

हो, नजरेवरून आठवलं. ही मंडळी रविवारी सकाळी जमतात. भाजीला रविवार कळत नाही. भेंडी दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर ती बोटं मोडायच्याच कामाची राहते. मार्चमध्ये यांनी थोडी भेंडी लावली होती, शनिवारपर्यंत ती जून होऊन जायची आणि रविवारी तिचे फोटो काढले जायचे. बाग दुपारी बंद असते हे मान्य, पण सकाळ-संध्याकाळ उघडी असते आणि चालायला तर तुम्ही रोज येताच. वाफ्यापर्यंत दोन फेऱ्या जास्त.

पहिल्या पत्राचा मुद्दा मी उडवून लावत नाही. जागा सगळ्यांची, मग भाजी कुणाची? याचं उत्तर आधी ठरवलं नाही तर भांडण ठरलेलं. मंडळींच्या बैठकीत ते फांद्या छाटायला निघालेले काका इंग्लंडचं सांगत होते म्हणे, तिकडं नगरपालिका घरटी जमिनीचा तुकडा भाड्यानं देते, त्याचा 1908 चा कायदा आहे, प्रत्येकाचा आपला तुकडा आणि आपलं पीक. तिकडं तुकडे मोठे असतात आणि ती जागा त्याच कामाला राखलेली असते. आपल्या अर्ध्या गुंठ्यात घरटी वाफे पाडले तर शेवटी प्रत्येकाला एक टोमॅटो आणि शेजाऱ्याच्या टोमॅटोवर एक डोळा. आणि ज्याच्या नावाचा वाफा नाही तो, पहिलं पत्र लिहिणाऱ्यांसारखा, बरोबरच म्हणेल की माझ्या बागेत तुमचं नाव कशाला. तेव्हा नावाच्या पाट्या नकोत. वाफे समाईक ठेवा.

त्याच बैठकीत दुसऱ्या एकांनी टॉडमॉर्डन नावाच्या गावाची चित्रफीत दाखवली. तेही इंग्लंडमध्येच. 2008 पासून तिथं लोकांनी रस्त्याकडेला, पोलीस ठाण्यासमोर, स्टेशनवर भाजी लावली आणि ज्याला हवी त्यानं न्यावी, असं सांगितलं. छान आहे. पण आपल्याकडं पहाटे साडेपाचला काठीला आकडा लावून, पिशवी घेऊन, देवासाठी बागेतली जास्वंद आणि पारिजातक लुटणारी मंडळी आहेत आणि ती दोन-चार नाहीत. देवाच्या नावानं कळ्यासुद्धा ठेवत नाहीत. ‘हवं त्यानं न्यावं’ म्हटल्यावर तिथं काय राहील?

माझा तोडगा असा. फाटकाशी, सगळ्यांच्या हाताला लागेल असा कढीपत्ता लावा, दोन-तीन झाडं. पुदिना आणि गवती चहासुद्धा तिथंच. ते खुडल्यानं संपत नाही, उलट फुटतं, आणि ते ज्याला हवं त्यानं न्यावं. माझाही त्यात स्वार्थ आहे. गिऱ्हाइकाला पावशेर गवारीवर कोथिंबीर-मिरची-कढीपत्ता फुकट लागतो. कढीपत्ता बागेतून मिळाला तर माझ्या पाटीवरचा एक खर्च कमी. आतल्या वाफ्यातलं मात्र काम केलेल्यांनी वाटून घ्यावं, आणि काम करायला कुणालाही यायची मुभा असावी, नाव नोंदवायची वर्गणी नको. पहिला वाटा माळीदादांचा. पाइप तेच ओढतात, मे महिन्यात तुम्ही गावाला गेलात तेव्हा वाफे त्यांनीच जगवले, आणि आजवर त्यांना एक जुडी दिलेली मी पाहिली नाही. यावर बैठकीत अजून कुणी बोललेलं नाही.

खताचं सोपं आहे. बागेत पडणारा पाला जाळायला बंदी आहे, घनकचऱ्याचे नियमच आहेत तसे, तो बागेतच कुजवायचा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला कचरा आणि सुका पाला यांवर केवढी बाग उभी केली ते पूर्वी पेपरात आलेलं आहे. तुमच्याकडं पाला आहे आणि ओला कचरा माझ्याकडं आहे. रोज दुपारी फ्लॉवरची पानं, कोबीचे वरचे पापुद्रे, मक्याची साल आणि कोथिंबिरीची काडी एवढं निघतं की पोतं भरतं. ते मी देईन. फक्त फ्लॉवरची पानं नुसती कुजली तर वास मारतो आणि मग तिसरं पत्र येईल, म्हणून एक घमेलं ओलं तर तीन घमेली सुका पाला, हे लक्षात ठेवा.

पाण्याचं एक विचारून घ्या. बऱ्याच बागांत टँकरनं येतं ते प्रक्रिया केलेलं सांडपाणी असतं. झाडांना आणि हिरवळीला ते चालतं, पण कच्च्या खायच्या कोथिंबिरीला आणि काकडीला नको. मुंबईत रुळांच्या कडेला पालक पिकवायचे, त्यातला काही गटाराच्या पाण्यावर पिकायचा म्हणून माझी जाऊ तिकडं पालकच घेत नाही. तिच्या डोक्यातून ते आता कुणी काढू शकणार नाही. आणि रस्त्याच्या बाजूची भिंत सोडून वाफे आतच ठेवलेत ते बरं केलंत. शिशाचं पेट्रोल देशात 2000 साली बंद झालं, पण जुन्या रस्त्याकडेच्या मातीत बसलेलं शिसं कुठं जात नाही आणि पालेभाजी तर मातीला लागूनच वाढते. पुढं वाढवायचं असेल तर आतल्या अंगाला वाढवा.

बियाण्याचं शेवटी. तुम्ही पाकिटातलं हायब्रिड आणलंत. टोमॅटो आले, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच फळ मिळणार नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना बीजमाता म्हणतात आणि 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी वालाचे आणि घेवड्याचे किती तऱ्हेचे देशी वाण जपले ते सगळ्यांना माहीत आहे. शाळा न शिकलेली बाई. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण एक वाफा बियांसाठी ठेवला, चुक्याचा, राजगिऱ्याचा, अंबाडीचा, तर पाकीट आणायला जावं लागणार नाही. शेवगा लावायचा विचार आहे असं ऐकलं. लावा, पण घसरगुंडीपासून लांब. त्याची फांदी वाऱ्यात काडीसारखी मोडते आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्या बसतात. मुलांच्या बाजूला हादगा लावा, त्याची फुलं आश्विनाच्या सुमाराला येतात, भजीला आणि भाजीला, आणि भोंडल्याला मुलींना खरं हादग्याचं झाड दिसेल.

बाकी बागेत मुलांनी खेळावं की भाजी असावी, या वादात मला पडायचं नाही. त्या पट्टीवर याआधी मोडकी बाकडी आणि बाटल्या होत्या.

आता माझ्या पोटाचं, ज्यापासून हे सगळं सुरू झालं. या पट्टीत वर्षभर जेवढी भाजी निघेल तेवढी मी एका चांगल्या रविवारी दुपारपर्यंत विकते. काळजी नसावी. उलट वाफा लावलेली माणसं माझ्याकडं जास्त येतात, कारण त्यांची भाजी हमखास कमी पडते. एकच तक्रार आहे. लोक म्हणतात, स्वतः पिकवलं की शेतकऱ्याच्या कष्टाची किंमत कळते. मेथीवाल्या त्या ताई आता पूर्वीपेक्षा जास्त घासाघीस करतात. म्हणतात, ‘मावशी, मी लावली आहे, मला माहीत आहे मेथीला काय लागतं.’ मी म्हणते, ‘तुम्हाला जागेचं भाडं, टेम्पो, हमाली आणि तोलाई लागत नाही, ताई.’ तरी पाच रुपये कमी करून नेतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मंडळींची पुढची बैठक आहे असं माळीदादांकडून कळलं. मी काही बैठकीला येणार नाही, ती सकाळी आठला असते आणि तो माझा धंद्याचा वेळ. पण माहेरहून भावानं अंबाडीचं, देठाच्या माठाचं आणि शिराळ्याचं बी पाठवलं आहे, घरचं, जुनं. पडवळाचंही आहे, थोडं आहे. पुड्या बांधून ठेवल्या आहेत. ज्यांना न्यायच्या असतील त्यांनी दुपारी एकनंतर यावं. शनिवारी मार्केट बंद, मी बसत नाही.

आपली नम्र,
उद्यानाच्या फाटकाबाहेर बसणारी एक भाजीविक्रेती, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)